गोव्याहून निघालेला गेंडा आणि न्यूरेंबर्गचे दोन दिवस

शनिवारी सकाळी म्युनिकहून आयसीई गाडी पकडलीत, तर तासा-सव्वातासात तुम्ही न्यूरेंबर्गच्या मुख्य स्टेशनात उतरता. बॅग लॉकरमध्ये टाका. समोरचा रस्ता ओलांडला की तटबंदी आणि एक जाडजूड गोल बुरूज दिसतो. त्याच्या आत जुनं शहर आहे. मधून पेगनिट्झ नदी वाहते, अलीकडच्या काठावर सेंट लोरेंझचं चर्च, पलीकडे सेंट सेबाल्डचं, आणि उत्तरेला खडकावर सम्राटांचा किल्ला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललात तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. एवढ्या जागेसाठी दोन दिवस भरपूर झाले. म्हणून काय काय पाहायचं याची यादी करत बसू नका. आधी साल ठरवा.

हे शहर एकाच सालात उभं राहून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. आज दिसणारं जुनं शहर बरंचसं 1945नंतर पुन्हा उभारलेलं आहे, आणि ज्याच्या आठवणीवर ते उभारलं ते शहर पाचशे वर्षांपूर्वीचं. या दोन्ही सालांत पाय न ठेवता नुसते लाल छपरांचे फोटो काढून परतलात, तर दुपारच्या ताटात काय वाढलं होतं हेही नीट कळायचं नाही.

तर पहिला दिवस 1515चा. ऑगस्ट सरत आलाय. बुरुजाकडे पुन्हा एकदा बघा. तो आता गोल नाही, चौकोनी आहे. तोफांच्या भीतीने त्याच्याभोवती गोल दगडी कवच चढवलं गेलं ते 1556नंतर, म्हणजे तुमच्या या भेटीनंतर चाळीस वर्षांनी. वेशीवरचे पहारेकरी तुम्ही कोण, कुठले, कोणाकडे उतरणार हे विचारतात. मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे आलोय म्हणा. इथे हे उत्तर चालतं.

आत शिरल्यावर आधी कानांना शहर भेटतं. गल्लीगल्लीतून हातोड्यांचा आवाज येतोय. चिलखतं, पितळेची भांडी, सुया, होकायंत्रं, कुलपं, तराजू अशी सगळी घडाई चाललीये. या शहराला राजा नाही. ते थेट सम्राटाला बांधील आहे आणि कारभार चालवते ती श्रीमंत व्यापारी घराण्यांची नगरसभा. ही घराणी पैसा कुठून आणतात आणि तो कुठे लावतात, हे बघायला सेंट लोरेंझच्या चर्चमध्ये जा.

वेदीच्या डाव्या हाताला एका खांबाला बिलगून दगडाचा एक मनोरा वर वर गेलाय. वीसेक मीटर उंच. निमुळता होत होत टोकाला तो छताच्या कमानीखाली वळतो, जणू जागा कमी पडली म्हणून वाकला. हे आदाम क्राफ्टचं काम. 1493 ते 1496 अशी तीन वर्षं तो इथे खपत होता. आता गुडघ्यांवर बसा, कारण खरी गंमत खाली आहे. सगळ्या मनोऱ्याचा भार खांद्यावर घेतलेली माणसं तळाशी गुडघे टेकून बसली आहेत. त्यांतला दाढीवाला, हातात हातोडा आणि छिन्नी घेतलेला, तो क्राफ्ट स्वतः. हाताच्या शिरा आणि कपाळावरच्या आठ्या दिसेपर्यंत जवळ जा. हे काम सांगितलं आणि त्याचे पैसे मोजले ते हान्स इमहोफने. इमहोफ घराणं केशराचं आणि मसाल्यांचं व्यापारी. म्हणजे हा मनोरा मसाल्याच्या पैशातून उभा राहिला आहे.

वर मधोमध बघाल तर तिथे नुसती पोकळी आहे. फाइट श्टोसने कोरलेला, गुलाबांच्या वर्तुळातला देवदूत आणि मेरी यांचा लाकडी देखावा तिथे 1518मध्ये टांगला जाईल. तो बघायला पुन्हा आजच्या सालात यावं लागेल. जरूर या, आणि दुपारचं ऊन खिडकीतून आत येतं तेव्हा या.

नदी ओलांडून मुख्य बाजारचौकात आलात की नाकाला काम लागतं. राय या धान्याच्या पिठाच्या काळपट पावांचे ढीग, कोबी, सलगम, वाटाणे, लोण्याची मडकी, आणि मध. मधाची इथे रेलचेल आहे, कारण शहराभोवतीच्या राईशवाल्ड या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या पोळी सांभाळणारे लोक राहतात आणि सम्राटाने त्यांना तसे हक्क दिलेत. बटाटा शोधू नका. टोमॅटो आणि मिरचीही शोधू नका. अटलांटिकपलीकडच्या या गोष्टी अजून या चौकात पोचलेल्या नाहीत. तिखटपणा हवा असेल तर मिरी, आलं, मोहरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारं हॉर्सरॅडिशचं मूळ. मध आणि मसाला एका शहरात भेटले की जे व्हायचं ते इथे झालंय. लेबकूखन या गोड मसालेदार बिस्किटांचा वास चौकात दरवळतोय. मध, सुकामेवा, दालचिनी, लवंग, वेलची, धणे, जायपत्री. दिवाळीच्या आधी घरात वेलची-जायफळ कुटायला घेतल्यावर जो वास सगळ्या खोल्यांत भरून राहतो, त्याच जातीचा हा वास. सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने 1487मध्ये इथल्या चार हजार मुलांना आपली छबी उमटवलेले लेबकूखन वाटले, असं सांगतात. त्या मुलांपैकी कोणी आज तुमच्या शेजारी उभं राहून कोबीचा भाव करत असेल.

बाराचे ठोके पडतात तेव्हा सगळा चौक फ्राउएनकिर्शच्या दर्शनी भिंतीकडे मान वळवतो. घड्याळ अजून नवंच आहे, 1509चं. मधे सम्राट चौथा चार्ल्स बसलाय आणि सात निर्वाचक राजपुरुष त्याच्याभोवती तीन फेऱ्या घालतात. सम्राटाची निवड कोणी करायची हे ठरवणाऱ्या 1356च्या फर्मानाची ही आठवण. ती यंत्रं रोज दुपारी आजही फिरतात आणि पर्यटक मोबाइल उंचावून उभे असतात.

मात्र या चौकात उभं राहिल्यावर आणखी एक साल टाळता येत नाही. इथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. शहराला बाजारासाठी जागा हवी होती. त्याच चौथ्या चार्ल्सने वस्ती पाडायची मोकळीक दिली, आणि डिसेंबर 1349मध्ये 562 ज्यू मारले गेले. त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागेवर हे चर्च उभं आहे. पुढे 1499मध्ये उरल्यासुरल्या ज्यूंनाही शहराबाहेर काढलं. तुम्ही 1515मध्ये आहात, म्हणजे चौकात एकही ज्यू कुटुंब नाही आणि त्याबद्दल कोणी बोलतही नाही. खरेदी करताना पायाखालच्या जमिनीची ही माहिती असू द्या. हे शहर पुढे कुठल्या कुठल्या वाटेने गेलं ते आपल्याला उद्या पाहायचं आहे.

आता मिरीकडे. आतापर्यंत मलबारची मिरी अरबांच्या जहाजांतून, मग व्हेनिसमधून इथे येत होती. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांसाठी वेगळी वखारच आहे आणि न्यूरेंबर्गकरांच्या तिथे कायमच्या खोल्या आहेत. पण 1498मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि सगळं गणित फिरलं. 1505मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्मेइदाच्या आरमाराबरोबर लिस्बनहून जी जहाजं निघाली, त्यांत आउग्सबुर्गच्या वेल्झर आणि फुगर घराण्यांचा पैसा होता तसा न्यूरेंबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल घराण्यांचाही होता. 1510मध्ये पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने गोवा घेतला. तेव्हापासून मांडवीच्या मुखाशी घडलेली गोष्ट काही महिन्यांच्या अंतराने या चौकात कळायला लागली आहे.

मसाल्याच्या बाबतीत हे लोक किती कडक आहेत ते एकदा समजून घ्या. केशर तपासायला नगरसभेने निरीक्षक नेमले आहेत. भेसळ सापडली तर शिक्षा दंडावर थांबत नाही. 1444मध्ये भेसळ करणाऱ्या एका माणसाला त्याच्या केशरासकट जाळलं होतं. वजनाचीही तीच गत. बाजारापासून जवळच शहराचं वजनघर आहे. दारावर पुन्हा आदाम क्राफ्टचंच शिल्प, 1497चं. मधे तराजूधारी अधिकारी, एका बाजूला वजन उचलणारा मदतनीस, दुसऱ्या बाजूला व्यापारी. अधिकाऱ्याची नजर काट्यावर आहे. व्यापाऱ्याने जकात द्यायला थैलीत हात घातलाय खरा, पण तो हात बाहेर यायला राजी दिसत नाही. वरच्या ओळीत एवढंच कोरलंय की जे तुला, तेच दुसऱ्यालाही. शहराचा सगळा स्वभाव या एका चौकटीत आहे. मला विचाराल तर अख्ख्या न्यूरेंबर्गात या शिल्पाइतकं खरं काही नाही.

तिथून चढ चढत किल्ल्याच्या पायथ्याशी या. टिअरगेर्टनर वेशीजवळ लाकडी चौकटी बाहेरून दिसणारं चार-पाच मजली घर आहे. चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूररने ते 1509मध्ये विकत घेतलं. त्याचा बाप हंगेरीतून आलेला सोनार. कोरीव रेषेची शिस्त मुलाच्या हातात आली ती त्या दुकानातून. मागच्याच वर्षी याच घरात त्याची आई वारली. तो आता 44 वर्षांचा आहे आणि सबंध युरोपात त्याची सही ओळखली जाते, ‘ए’च्या पायांमध्ये बसवलेला ‘डी’.

आत पाऊल टाकताच शाईचा उग्र वास येतो. शाईचा गोळा लाकडी ठशावर थोपटला जातोय, ओलसर कागद अलगद टेकवला जातोय, दाब पडतोय, कागद उचलून दोरीवर वाळत घातला जातोय. कागदही इथलाच असू शकतो. आल्प्सच्या उत्तरेकडच्या अगदी पहिल्या कागदगिरण्यांपैकी एक उल्मान श्ट्रोमरने 1390मध्ये याच शहराच्या वेशीबाहेर पेगनिट्झवर सुरू केली. छापील चित्रं विकायचं काम पत्नी अ‍ॅग्नेसकडे. ती फ्रँकफुर्टच्या जत्रेपर्यंत माल घेऊन जाते. तिला विचारून दोरीवरचा एक कागद जवळून बघा. हात लावू नका, शाई ओली आहे.

गेंडा आहे.

पाठीवर आणि कुल्ल्यांवर चिलखताचे पत्रे बसवल्यासारखे जाड थर, कडांना रिवेट ठोकल्यासारखे ठिपके. पायांवर खवले. कानांच्या कडेला बारीक केस. नाकावर मोठं शिंग, आणि मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधोमध, पीळ दिलेलं आणखी एक छोटंसं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. चित्राच्या वर मजकूर छापलाय: हा प्राणी भारतातून लिस्बनच्या राजाकडे आणला, त्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा, हत्ती त्याला घाबरतो. ड्यूररने हा गेंडा पाहिलेला नाही. लिस्बनहून न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना आलेलं पत्र आणि कोणीतरी काढलेलं एक साधं रेखाटन, एवढ्यावर त्याने हा प्राणी उभा केलाय.

तुम्हाला मात्र या जनावराची कुळकथा ठाऊक आहे. आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने किल्ल्याला नकार दिला आणि वकिलाबरोबर नजराणा पाठवला. त्यात हा गेंडा होता. तो गोव्याला आला. एवढं जनावर ठेवायचं कुठे, म्हणून आल्बुकर्कने त्याला पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे रवाना केलं. जानेवारी 1515मध्ये गोव्याहून जहाज सुटलं. आफ्रिकेला वळसा घालून ते 20 मे रोजी लिस्बनला लागलं. गेंड्याबरोबर त्याला सांभाळणारा एक हिंदी माणूसही गेला होता. ओसेम असं त्याचं नाव पोर्तुगीज नोंदीत आहे. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावून पाहिली, तर हत्ती पळून गेला. डिसेंबरमध्ये तो पोपकडे भेट म्हणून निघाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. साखळदंडांनी बांधलेल्या जनावराला पोहता येऊनही उपयोग नव्हता.

अ‍ॅग्नेसला यातलं पुढचं काही सांगू नका. पण हे चित्र हजारोंनी खपणार आहे, आणि त्यानंतर दोन-अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत, भिंतींवर, चिनी मातीच्या भांड्यांवर गेंडा म्हणून हाच प्राणी उमटणार आहे, खांद्यावरच्या त्या छोट्या शिंगासकट. पणजीच्या किंवा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर कधी उभे राहिला असाल, तर या घरात तुम्ही परके नाही. या चित्राची सुरुवात तिथे झाली.

आता भूक लागली असणार. चढ उतरून सेंट सेबाल्डच्या दिशेने जा. चर्चच्या आसपास धूर दिसेल तिथे थांबा. बीचच्या लाकडाचा विस्तव, वर जाळी, जाळीवर बोटाएवढी सॉसेजं. साल बदलून आजच्या शनिवारी आलात तरी तोच धूर आणि तीच जाळी. आजचा नियम सांगतो की न्यूरेंबर्गची रोस्टब्राटवुर्स्ट 7 ते 9 सेंटिमीटर लांबीची, 20 ते 25 ग्रॅम वजनाची, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेली आणि शहराच्या हद्दीतच केलेली हवी. युरोपीय संघाने 2003पासून या नावाला संरक्षण दिलंय. आत डुकराचं मांस, मीठ, मिरी आणि मार्जोरम. मार्जोरमचा सुगंध हीच तिची ओळख. रात्री वेस बंद झाल्यावर उशिरा आलेल्या प्रवाशाला कुलपाच्या भोकातून सरकवता यावी म्हणून ती इतकी बारीक, अशी गोष्ट इथे सगळेच सांगतात. मला वाटतं खरं कारण वजनघरासमोर उभं राहिलं की कळतं. मसाला महाग, निरीक्षक कडक. मग माल लहान करायचा, पण त्याचा कस उतरू द्यायचा नाही.

ऑर्डर अशी द्या. खानावळीत सहा, आठ, दहा किंवा बारा मागायच्या. त्या कथलाच्या ताटलीत येतात, सोबत साऊअरक्राउट किंवा बटाट्याचं सॅलड, आणि बाजूला हॉर्सरॅडिशचा किस. पहिल्यांदा आठ पुरतात. चालता चालता खायचं असेल तर ‘द्राय इम वेग्ला’ म्हणा, पावात तीन मिळतात. भाजलेल्या नको असतील तर कांदा आणि व्हिनेगरच्या रश्श्यात उकडलेल्याही मिळतात. त्यांना ‘साउरे त्सिप्फेल’ म्हणतात आणि थंडीत त्या फार छान लागतात. रात्रीसाठी शॉयफेले राखून ठेवा. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा तासन्‌तास भाजलेला, वर कुरकुरीत कातडी, शेजारी बटाट्याचा क्लोस. त्या गोळ्याच्या पोटात तळलेल्या पावाचे तुकडे असतात.

मांस न खाणाऱ्यांनी आधी विचारलेलं बरं. बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेक ठिकाणी मांसाचा रस्सा घातलेला असतो आणि क्लोसवरची ग्रेव्हीही मांसाचीच. एप्रिल ते 24 जून हा पांढऱ्या शतावरीचा हंगाम. शहराच्या उत्तरेला लागूनच क्नोब्लाउख्सलांड ही भाजीपाल्याची पट्टी आहे. तिथली ताजी शतावरी, लोणी आणि उकडलेले बटाटे, एवढ्यावर शाकाहारी माणूस तृप्त होतो. म्हणूनच घरात शाकाहारी असतील तर मी डिसेंबरपेक्षा मे सुचवेन. डिसेंबरचा नाताळबाजार सुंदर असतो, पण त्या गर्दीत 1515 शोधणं कठीण.

लेबकूखन शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. डब्यावर ‘एलिझेन’ लिहिलेलं बघून घ्या. त्यात बदाम, हेझलनट, अक्रोड मिळून किमान 25 टक्के असावेच लागतात आणि पीठ 10 टक्क्यांहून जास्त चालत नाही. खाली पातळ पांढरी वेफर असते, ती काढायची नाही, खायची. आणि इथल्या कोणालाही बव्हेरियन म्हणू नका. हे फ्रँकोनियन लोक आहेत. बव्हेरियात त्यांना सामील केलं गेलं ते 1806मध्ये, आणि त्यांना हे चांगलं आठवतं.

संध्याकाळी ड्यूररच्या घरासमोरच्या फरसबंदीवर तरुण मुलं बाटल्या घेऊन बसलेली असतात. त्यांच्यात थोडा वेळ बसा, मग तळघरं बघायला जा. किल्ल्याच्या वाळूच्या खडकात चार-चार मजले खोल कोरलेली ही भुयारं. प्रत्येक बिअरवाल्याकडे स्वतःचं तळघर असलं पाहिजे असा नियम नगरसभेने 1380मध्ये केला. तेव्हापासून इथे लाल बिअर मुरत आली. वर्षभर गारवा, भिंतींना ओल. वाटाड्याच्या मागून खाली उतरत जा.

आणि खालीच साल बदलू द्या. 2 जानेवारी 1945, संध्याकाळ. आता भुयारात पिंपांच्या जागी माणसं आहेत. भिंतीला टेकून बसलेल्या बाया, मांडीवर झोपलेली मुलं, ओल्या लोकरीचा वास. वर ब्रिटिश विमानं शहरावर बॉम्ब टाकत आहेत. आवाज खडकातून येतो तेव्हा तो ऐकू येण्याआधी पाठीला कळतो. त्या रात्री सुमारे 1800 माणसं मेली, एक लाखाच्या आसपास बेघर झाली, आणि जुन्या शहराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पडला किंवा जळाला.

वर आलात की तुम्ही सकाळी चाललेला रस्ता सापडत नाही. सेबाल्डचं छप्पर आत कोसळलंय. मोरिट्झ चॅपेलला टेकून उभी असलेली, जिथे ड्यूरर खायला यायचा म्हणून सांगत, ती ब्राटवुर्स्टची जुनी खानावळ आधीच्याच हल्ल्यांत गेली. ड्यूररचं घर मात्र उभं आहे. शहरातल्या बऱ्याच मौल्यवान वस्तूही वाचल्या, कारण कोणीतरी आधीच विचार केला होता. किल्ल्याखालच्या खडकातल्या एका कोठारात फाइट श्टोसचा देवदूत उतरवून ठेवलाय, मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल ठेवलाय. पोलंडमधल्या क्राकोव्हहून लुटून आणलेली श्टोसचीच प्रचंड वेदीही तिथेच आहे. ती 1946मध्ये परत गेली. आदाम क्राफ्टचा मनोरा जागेवरच विटांनी बंद केला होता. गुडघे टेकलेला तो दाढीवाला भिंतीआड बसून वाचला.

हे कोठारही आता पाहता येतं. युद्धानंतर ढिगारे उपसताना शहराने ठरवलं की रस्त्यांच्या जुन्या रेषा, घरांची उंची आणि छपरांचे उतार शक्यतो जुनेच ठेवायचे, घरं मात्र नव्या काळाची बांधायची. आज रस्त्याने जाताना दगड बघत चला. खालचे थर काळपट, झिजलेले, वरचे स्वच्छ. त्या रेषेशी तुमचं बोट ठेवलंत तर ते नेमकं 1945वर पडतं. सेबाल्डच्या आत तर पडझडीचे फोटो खांबांजवळच लावले आहेत. फोटोतली कमान आणि डोक्यावरची कमान एकदम बघता येते.

रविवार दुसऱ्या दिशेला. यू-बान एकने पश्चिमेला, बेरेनशान्झे स्टेशनपर्यंत. ज्या रस्त्याखालून ही गाडी धावते त्यावरूनच 7 डिसेंबर 1835 रोजी ‘आडलर’ हे इंजिन न्यूरेंबर्गहून फ्युर्टला गेलं. जर्मन राज्यांतली वाफेवरची पहिली रेल्वे. इंजिन न्यूकॅसलच्या स्टिफन्सन कारखान्यातून सुट्या भागांत आलं होतं आणि चालक विल्यम विल्सनही इंग्रजच. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी यानंतर सुमारे सव्वासतरा वर्षांनी धावली. इंजिनाची प्रतिकृती रेल्वे संग्रहालयात आहे, मुलं बरोबर असतील तर तिकडे वळा.

तुम्ही उतरा न्यायालयाशी. साल 1945, पण आता नोव्हेंबरची 20 तारीख. दालन क्रमांक 600. शहर ढिगाऱ्यात आहे, पण ही इमारत आणि तिला जोडलेला तुरुंग शाबूत राहिले, म्हणून नाझी नेत्यांवरचा खटला इथे. आणखीही एक कारण लोकांच्या मनात आहे. नाझी पक्षाचे मेळावे 1933पासून याच शहरात भरत होते, आणि ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे कायदे 15 सप्टेंबर 1935 रोजी इथेच मंजूर झाले होते. आरोपी दोन रांगांत लाकडी बाकांवर बसलेत. कानांवर हेडफोन चढवा. शेजारी एक गोल खटका आहे. तो फिरवला की तेच भाषण इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, रशियनमध्ये किंवा जर्मनमध्ये ऐकू येतं. काचेच्या आड बसलेले दुभाषे बोलणाऱ्याच्या एक-दोन वाक्यं मागे धावताहेत. कोणी फार भरभर बोललं की पिवळा दिवा लागतो, थांबायचं असेल तर लाल. एवढ्या मोठ्या कामात चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालवून पाहण्याचा हा पहिला प्रसंग, आणि गोअरिंगसारखी माणसं आपल्या प्रत्येक शब्दाचा तर्जुमा होण्याची वाट बघत बसली आहेत. निकाल पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला येईल. बाराजणांना फाशी, सातजणांना कैद, तिघे निर्दोष. या दालनात 2020पर्यंत नेहमीचे खटलेही चालायचे. वरच्या मजल्यावर स्मारक-संग्रहालय आहे, मंगळवारी बंद असतं.

शहराच्या आग्नेयेला मेळाव्यांचं मैदान आहे. त्यासाठी वेळ काढाच. अर्धवट राहिलेला काँग्रेस हॉल, झेपेलिन मैदानाच्या पायऱ्या, आणि चार लाख माणसांसाठी खणायला घेतलेल्या स्टेडियमचा खड्डा, जो आता तळं झालाय. युद्धानंतर शहराचा ढिगारा त्याच्याच बाजूला टाकला, त्याची टेकडी उभी राहिली. तिच्या पोटात 1515ची कितीतरी घरं आहेत.

गाडीआधी दोन तास उरले असतील तर स्टेशनजवळच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये जा. तिकीटखिडकीवरच विचारा, बेहाइमचा पृथ्वीगोल सध्या कुठल्या दालनात आहे. 1492चा, जगात टिकलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल. अर्ध्या मीटरहून थोडा मोठा, वर अतिशय बारीक अक्षरांत मजकूर. मसाले कुठून येतात आणि किती हातांतून, किती जकाती भरत इथवर पोचतात, हेही त्यावर लिहिलंय. अमेरिका नाही. भारत शोधा. लंका अवाढव्य आहे आणि तिच्या वर भारताचं टोक जवळपास कापून टाकल्यासारखं सपाट. कोकणचा किनारा बोटाने चाचपडूनही सापडत नाही. हा गोल घडवणाऱ्या शहरात तेवीस वर्षांनी गोव्याच्या गेंड्याची बातमी पोचली.

स्टेशनच्या आत पावातल्या तीन मिळतात. मोहरी वरून थोडी जास्त मागा आणि फलाटावर जाण्याआधीच खा, गाडीत थंड होतात.